मोपा ते सॅन फ्रान्सिस्को: किलोमीटर किती आणि तास किती

गोवा ते सॅन फ्रान्सिस्को अंतर किती असं नेटवर टाकलं की लगेच उत्तर येतं, साधारण १३,८५० किलोमीटर, आणि त्याच्याखाली विमानाचा वेळ साडेसतरा ते अठरा तास. आम्ही म्हापशातल्या घराच्या दारातून निघून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सनीवेलला दादाच्या दारात पोचेपर्यंत साडेएकतीस तास गेले. परत येताना सत्तावीस. आणि येतानाचा रस्ता कागदावर जातानापेक्षा दीड-पावणेदोन हजार किलोमीटरने लांब होता. म्हणजे लांबचा रस्ता लवकर संपला. हे कसं काय होतं ते मला आधीच बसून शोधावं लागलं कारण माझ्यासोबत आई होती, वय ७३, आणि तिच्या गोळ्यांना तासांचा हिशोब लागतो. ज्यांना आईवडिलांना घेऊन इतक्या लांब जायचंय त्यांच्यासाठी सगळं नीट लिहिते.

आईला रक्त पातळ ठेवायची एक गोळी आहे, दर बारा तासांनी, सकाळी आठ आणि रात्री आठ. ती चुकवायची नाही आणि दोनदा घ्यायची नाही हे डॉक्टरांनी पहिल्यापासून बजावलेलं. शिवाय सकाळची प्रेशरची गोळी आहे, उपाशीपोटी थायरॉइडची आहे. दादाने फोनवर सांगितलं, अगो काय नाही, रात्री बसायचं नि त्याच तारखेला सकाळी उतरायचं. ऐकायला सोपं वाटतं पण त्याच तारखेला सकाळ म्हणजे मधे तास किती गेले? तिकिटावर निघायची वेळ इथली असते आणि पोचायची वेळ तिथली असते, दोन्ही आपापल्या घड्याळाप्रमाणे बरोबर, पण वजाबाकी केली तर काहीच्या काही उत्तर येतं. आमच्या तिकिटावर दिल्लीहून पहाटे ४ ला निघून सकाळी सव्वासातला पोच असं होतं, म्हणजे वजाबाकीत सव्वातीन तास. खरे तास पावणेसोळा. मधे साडेबारा तासांचा फरक आहे तो कुठे लिहिलेला नसतो.

म्हणून मी सुरुवात अंतरापासून केली. साइटवर जो आकडा येतो तो पृथ्वीच्या गोलावर दोन विमानतळांमधली सगळ्यात जवळची रेषा, तिला ग्रेट सर्कल म्हणतात. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरायची, दोन्ही जागांचे अक्षांश रेखांश टाकायचे की उत्तर येतं. मग हे अंतर ताशी आठशे-साडेआठशेने भागायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकायचा, झाला फ्लाइट टाइम. बहुतेक साइट असंच करतात. त्यात वारा नाही, बंद आकाश नाही, डोंगर नाही आणि मुख्य म्हणजे मधल्या विमानतळावर बसून राहायचे तास नाहीत. मोपाहून, म्हणजे उत्तर गोव्यातल्या नव्या विमानतळाहून, सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमानच नाही तर त्या साडेसतरा तासांचा उपयोग तरी काय.

भाच्याचा जुना पृथ्वीगोल माळ्यावर होता तो काढला. आई अबोलीचे वळेसर करते त्यातला दोरा घेतला आणि गोवा ते कॅलिफोर्निया ताणून धरला. आई बाजूला बसून बघत होती. भिंतीवरच्या नकाशात आपण पश्चिमेकडे अरबस्तान, युरोप, अटलांटिक असं बोट फिरवतो, पण दोरा ताणल्यावर तो आपोआप वर सरकतो आणि थेट उत्तरेला जातो. गोव्याहून निघाला की दिल्ली, मग तिबेट, शिंजियांग, सायबेरिया, आर्क्टिक समुद्राचा काठ, अलास्का आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याने खाली. आई म्हणाली, "म्हणजे अमेरिका आपल्या डोक्यावर आहे मगो." बरोबरच आहे. आणि दिल्ली अगदी वाटेवरच येते. मोपा–दिल्ली साधारण १,४६५ किलोमीटर, दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को साधारण १२,४००, बेरीज केली तर सरळ रेषेपेक्षा जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर जास्त. म्हणजे दिल्लीवरून गेलं म्हणून वाकडं गेलं असं अजिबात होत नाही. मुंबई आणि फ्रँकफर्टवरून गेलं तर सगळं मिळून १६,००० च्या आसपास जातं. दोहावरून गेलं तर मोपा–दोहा अडीच हजार आणि दोहा–सॅन फ्रान्सिस्को १३,००० म्हणजे साडेपंधरा हजार.

इथपर्यंत वाटतं की दिल्ली जिंकली, करा बुक. पण विमान दोऱ्याने जात नाही ना.

दिल्लीच्या वर लगेच हिमालय आणि त्याच्या पलीकडे तिबेटचं पठार, सरासरी उंची साडेचार हजार मीटर, म्हणजे पंधराएक हजार फूट. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला पटकन दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावं लागतं म्हणजे माणसांना श्वास घेता येतो, आणि तिथे तर जमीनच त्याच्या वर आहे. त्यामुळे प्रवासी विमानं तो भाग जमेल तेवढा टाळतात, आणि ज्यांना जायचंच असतं त्यांना ऑक्सिजनची जादा सोय आणि ठरवलेले बाहेर पडायचे मार्ग लागतात. पुढे सायबेरिया. तिकडून जाणारी विमानं होती आणि आहेत, पण मधेच काही बिघडलं तर उतरणार कुठे हा प्रश्न असतो. २०२३ च्या जूनमध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान रशियाच्या मगादानला उतरवावं लागलं होतं, दोनशेवर माणसं, मग त्यांच्यासाठी दुसरं विमान पाठवलं. आईला हे मी सांगितलं नव्हतं, दादाला सांगितलं होतं.

मग विमान जातं कुठून? आमचं गेलं ते पूर्वेकडून. बांगलादेश, म्यानमार, चीन, जपान आणि मग अख्खा पॅसिफिक. दिल्ली–टोकियो ५,८०० च्या वर आणि टोकियो–सॅन फ्रान्सिस्को ८,२०० च्या वर, म्हणजे १४,००० पार. सरळ रेषेपेक्षा सतराशे किलोमीटर जादा! आणि तरी वेळ पावणेसोळा तासच, कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा वाहतो, जेट स्ट्रीम, आणि जपानच्या आसपास तर तो जगात सगळ्यात जोरदार असतो, हिवाळ्यात जास्तच. विमान हवेत ताशी नऊशेच्या आसपासच जातं, पण ती हवा स्वतःच पूर्वेला पळत असते तर जमिनीच्या हिशोबाने वेग हजाराच्या वर जातो. ह्याचं जे उदाहरण वाचून मला सगळ्यात जास्त उलगडा झाला ते २०१६ चं. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर साधारण १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झालं आणि वेळ मात्र दोनेक तासांनी कमी झाला, साडेचौदा तासांत पोचलं. चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन दोन तास आधी. हे वाचलं त्या दिवसापासून मी किलोमीटर बघून विमान निवडायचं सोडलं.

वाऱ्याचं आणखी एक, २०२० च्या फेब्रुवारीत वादळ होतं तेव्हा न्यूयॉर्क–लंडन विमान पाच तासांच्या आत पोचलं होतं, ४ तास ५६ मिनिटं, एरवी साडेसहा-सात लागतात. तेच उलट येताना तोंडावर वारा. म्हणून एकाच दोन गावांमधल्या जायच्या आणि यायच्या वेळात तासाभराचा तरी फरक दिसतो, त्यात काही चूक नसते.

बंद आकाशाचंही बघावं लागतं. २०२५ च्या २४ एप्रिलपासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, त्याने दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून खाली वळसा घालून जावं लागायला लागलं, युरोपला तास-दीड तास जास्त. २०१९ मध्येही काही महिने असंच झालं होतं. आणि २०२२ पासून रशियाने युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना आकाश बंद केलंय त्यामुळे त्यांची विमानं वेगळ्याच वाटेने फिरतात. गोंयकाराला हे नवीन नाही खरं तर. १९५५ मध्ये भारताने गोव्याची नाकेबंदी केली, जमिनीवरून येणं-जाणं बंद झालं, तेव्हा पोर्तुगीजांनी दाबोळीला विमानतळ उभा केला आणि टीएआयपी नावाची स्वतःची विमान कंपनी काढली, ती गोव्याहून दमण, दीवला आणि कराचीला उडायची. आज कराचीचं आकाश बंद म्हणून आपण वळसा घालतो आणि तेव्हा गोव्याला बाहेरच्या जगाशी जोडणारं गाव कराची होतं! माझे आजोबा ह्या गोष्टी सांगायचे तेव्हा मला त्यात रस नव्हता, आता खूप विचारावंसं वाटतं.

असो. तर प्रत्यक्ष निवडताना मी प्रत्येक पर्यायाचे किलोमीटर बाजूला ठेवून एकच आकडा काढला, घराचं दार ते दादाचं दार. त्यात घर ते मोपा, तिथे आधी पोचायचा वेळ, पहिलं विमान, मधला मुक्काम, दुसरं विमान, इमिग्रेशन, बॅगा, गाडी. तिकिटावर विमानाचा जो वेळ छापतात तो विमान गेटवरून हलल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतचा असतो, त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं सगळं आलं, शिवाय कंपन्या थोडी जागा राखून ठेवतात, त्यामुळे कधी वीस मिनिटं आधी पोचल्याचा आनंद होतो. ह्या सगळ्यात सगळ्यात मोठा आकडा वाऱ्याचा नव्हता, मधल्या मुक्कामाचा होता. दोहाचं जाताना आम्हाला हव्या त्या आठवड्यात चौदा तास बसवून ठेवणारं निघालं, मुंबई-फ्रँकफर्टमध्ये दोन वेळा उतरचढ. दिल्लीला पावणेसात तास मुक्काम होता, तो घेतला.

पावणेसात तास जास्त वाटतील पण मी मुद्दाम कमी वेळाचं घेतलं नाही. दोन तासांचंही एक होतं. पहिलं विमान तासभर लेट झालं तर व्हीलचेअरवरच्या माणसाला घेऊन दिल्लीच्या त्या टर्मिनल तीनमध्ये देशातल्या बाजूकडून परदेशी बाजूला जायचं, इमिग्रेशन करायचं, सिक्युरिटी करायची, मला ते नको होतं. आणि दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर घेतली. हे फार महत्त्वाचं आहे, कारण वेगवेगळी तिकिटं घेतली आणि पहिल्यामुळे दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही नसतं, पैसे गेले. एका पीएनआरवर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी त्यांची, आणि बॅगा मोपाला दिल्या त्या थेट सॅन फ्रान्सिस्कोला घेतल्या. व्हीलचेअर बुकिंग करतानाच सांगितली होती, तिचे आम्हाला वेगळे पैसे पडले नाहीत. आई आधी नको म्हणाली, मी काय लंगडी आहे काय, पण दिल्लीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं चालणं बघितल्यावर गप्प बसली.

आता गोळ्यांचं. म्हापशाच्या डॉक्टरांकडे मी तासांचा कागद घेऊन गेले. दोन रकाने, एकात गोव्याचं घड्याळ, दुसऱ्यात कॅलिफोर्नियाचं, आणि मधे आम्ही कुठे असू ते. सप्टेंबरात फरक साडेबारा तासांचा असतो. डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "अरे हे तर सोपं झालं." कारण गोव्यात सकाळी आठ वाजतात तेव्हा तिकडे आदल्या संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. बारा तासांच्या गोळीला घड्याळ जवळजवळ जसंच्या तसं उलटं होतं, आपली सकाळची ती तिकडची संध्याकाळची, संध्याकाळची ती सकाळची. काहीच हलवायचं नाही, दर बारा तासांनी घेत राहायची. दिवसातून एकदाच असलेल्या दोन गोळ्यांची वेळ मात्र त्यांनी तिकडच्या सकाळवर कशी न्यायची ते लिहून दिलं. हे आईपुरतं आहे हं, प्रत्येकाच्या गोळ्या वेगळ्या, आपापल्या डॉक्टरांना असाच कागद दाखवा, पण दाखवताना तारीख-वार न दाखवता तास दाखवा. आईच्या मनगटावरचं घड्याळ आम्ही गोव्याच्याच वेळेवर ठेवायचं ठरवलं, माझं तिकडच्या. गोळ्या, प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरांचं पत्र हातातल्या पर्समध्ये, वर ठेवायच्या बॅगेत पण नाही, कारण झोपलेल्या माणसांवरून वाकून बॅग काढणं जमत नाही.

चवथ झाल्याशिवाय आई हलणार नव्हती. गणपती पोचवले, माटोळी उतरवली, घर धुतलं आणि मग निघालो. दुपारी तीनला घर सोडलं. म्हापशाहून मोपा आता लांब वाटत नाही, पेडण्याच्या अंगाने रस्ता चांगला झालाय, पाऊण तासाच्या आत पोचलो. मडगाव-काणकोणच्या लोकांचं मोपाबद्दल जे म्हणणं आहे ते मला पूर्ण पटतं, त्यांना दाबोळी बाजूला आणि मोपाला जायला दोन-दोन तास, तर त्यांनी हा आकडा आपल्या दार-ते-दार हिशोबात धरायलाच पाहिजे. साडेसहाला विमान सुटलं, सव्वानऊला दिल्ली. आठ वाजता हवेत असतानाच पहिली गोळी झाली.

दिल्लीतला मुक्काम आईने आरामात घालवला, मी नाही. जेवण घेतलं, तिने पाय लांब करून बाकावर डुलकी काढली. पहाटे चारला विमान हललं. मी समोरच्या स्क्रीनवर नकाशा लावून बसले होते. पूर्वेला वळलं तेव्हा बाजूचा एक मुलगा म्हणाला हे उलटं कुठे चाललंय, त्याला वाटत होतं अमेरिका पश्चिमेला. त्याला मी दोऱ्याचं सांगितलं आणि वाऱ्याचं सांगितलं, तो बिचारा पूर्ण ऐकून घेत होता. जपान ओलांडल्यावर स्क्रीनवर ग्राउंड स्पीड १,०३०, १,०५० असं दिसायला लागलं, बाहेरचं तापमान उणे ५० च्या खाली. सकाळी आठची गोळी, गोव्याच्या आठची, नाश्त्याच्या वेळी झाली. दर दोनेक तासांनी आईला उठवून मागच्या पॅसेजमध्ये उभं करत होते, पोटऱ्या हलवायला लावत होते, इतका वेळ बसून पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते आणि तिला तर आधीच त्याचीच गोळी आहे. दुसऱ्या अर्ध्यात तिला कंटाळा आला. ते अगदी खरं सांगते, बारा तासांपर्यंत माणूस सोसतो, त्यानंतरचे तीन-चार तास फार जड जातात, पाय सुजतात, तोंड कोरडं पडतं आणि म्हाताऱ्या माणसाला वाटायला लागतं की आपण उगीच निघालो. त्या तासांसाठी काहीतरी राखून ठेवा. मी तिची आरत्यांची वही आणली होती, ती उघडून तिने हळू आवाजात सगळ्या म्हटल्या, आणि मग पुढच्या सीटवरच्या एका आजींनी मान वळवून तिच्याशी गप्पा सुरू केल्या, त्या सोलापूरच्या, मुलीकडे चाललेल्या. तास निघून गेले.

पॅसिफिकवर कधीतरी तारखेची रेषा ओलांडतो. उजाडलं, दिवस झाला, रात्र झाली आणि परत तोच दिवस सकाळपासून सुरू. सव्वासातला टेकलो, आईच्या घड्याळात रात्रीचे पावणेआठ. आणि आठ वाजता, म्हणजे तिथल्या साडेसातला, आम्ही इमिग्रेशनच्या रांगेत होतो. तिथेच बाटलीतलं पाणी घेऊन तिसरी गोळी. बारा, बारा, एक मिनिट इकडेतिकडे नाही. त्या रांगेत मला जे बरं वाटलं ते कुठलीही जागा बघून पुढे वाटलं नाही.

दादाच्या घरी पोचायला दहा वाजले. आईच्या घड्याळात रात्रीचे साडेदहा. तिला लगेच झोपू दिलं नाही, नातीला मांडीवर दिली, अंगणात उन्हात बसवलं. तरी आठवडाभर रात्री दोनला उठून बसायची. साडेबारा तास म्हणजे शरीराला दिवसाची रात्र, त्याला वेळ लागतोच, आणि उन्हात बसण्याने खरंच फरक पडतो.

एक गोष्ट तिथे राहणाऱ्यांना माहीत असते पण आपल्याला इथून सुचत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे करतात, मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे. आपण भारतात असलं काही करत नाही. त्यामुळे नोव्हेंबरपासून फरक साडेतेरा तासांचा होतो आणि आईची साडेसातची गोळी तिथल्या साडेसहाला आली. सगळ्यांच्या घरातली घड्याळं हलली पण आईच्या मनगटावरचं हललं नाही, ती त्याच्यावरच चालत राहिली, आठ म्हणजे आठ. गोव्यात फोन लावायच्या वेळापण त्याच घड्याळावर बघायची, भटजींना रात्री उठवलं असं एकदाही झालं नाही.

परत यायचं फेब्रुवारीत ठरलं. ह्यावेळी दोहावरून घेतलं. कागदावर साडेपंधरा हजार किलोमीटर, दिल्लीपेक्षा सतराशेने जास्त, पण मुक्काम अडीच तासांचा आणि उतरायचं थेट मोपाला. दोहाचं विमान आधी दाबोळीला यायचं, २०२४ पासून मोपाला येतं, आम्हा बार्देशकरांना चांगलंच झालं. सॅन फ्रान्सिस्को–दोहाचा दोरा गोलावर ताणला तर तो उत्तर ध्रुवापासून पाचेक अंशांवरून जातो, दोन्ही गावांचे रेखांश जवळजवळ समोरासमोर आहेत. साडेपंधरा तासांचं विमान, दोहा–मोपा पावणेचार. इतका कमी मुक्काम मी जाताना नाकारला होता आणि येताना घेतला, कारण दोहाला इमिग्रेशन करायचं नव्हतं, टर्मिनल एकच, सिक्युरिटी झाली की पुढचं गेट, आणि शेवटचं विमान चुकलं तरी पुढच्या दिवशी घरीच पोचायचं होतं, कोणी विमानतळावर लहान मूल घेऊन वाट बघत नव्हतं.

साडेअकराला दादाचं घर सोडलं, दुपारी साडेतीनला विमान. आईच्या घड्याळात दुसऱ्या दिवसाची पहाट, पाच वाजलेले. आठची गोळी विमान सुटल्यावर तीन तासांनी, रात्री आठची दोहाला उतरायच्या आधी अर्धा तास. फेब्रुवारी असून ह्या वाटेवर जपानसारखा वारा पाठीशी नव्हता, स्क्रीनवर नऊशेच्या आसपासच दिसत होतं. आणि खिडकीतून खाली इतका वेळ फक्त बर्फ.

इथे एक वेगळाच प्रश्न आला होता. प्रवासातला मधला दिवस संकष्टीचा होता. आम्ही निघालो त्याच्या आदल्या दिवशी आणि मोपाला उतरणार त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, म्हणजे संकष्टीचा अख्खा दिवस हवेत आणि दोहात. आईने फोनवर भटजींना विचारलं, उपास धरायचा कुठला आणि चंद्रोदय कुठला. ते म्हणाले ज्या ठिकाणी असाल तिथला चंद्र दिसेल तेव्हा सोडा. डॉक्टरांनी फळं, दूध, साबुदाणा चालेल असं सांगितलेलंच होतं. पण ठिकाण कुठलं, आम्ही तर विमानात! मी परत कागद घेऊन बसले. दोहाहून विमान साडेआठला, तिथला चंद्रोदय त्यानंतर. पण विमान पूर्वेला येत होतं, चंद्र पूर्वेलाच उगवतो, म्हणजे आपण त्याच्याकडे चाललोय तर तो दोहात उभ्या असलेल्या माणसापेक्षा लवकर दिसणार, शिवाय ३५,००० फुटांवरून क्षितिज तीनेक अंश खाली जातं त्याने आणखी दहा-बारा मिनिटं लवकर. म्हणून सीट घेताना डाव्या बाजूची खिडकी घेतली, कारण आग्नेयेला जाताना पूर्व डावीकडे येते. दिसला. पुढच्या बाजूला, लालसर, थोडा चपटा. आईने ट्रेवरच्या पाण्याने तिथल्या तिथे हात जोडून जे करायचं ते केलं आणि दादाच्या बायकोने डब्यात दिलेले मोदक काढले, एक मला, एक तिला, एक एअर होस्टेसला.

मोपाला दोन वाजून चाळीस मिनिटांनी टेकलो. इमिग्रेशनला रांग होती पण दिल्लीच्या मानाने काहीच नाही, बॅगा लवकर आल्या, चारला घरात. तारखेने बघितलं तर निघालो एकात आणि पोचलो त्याच्या तिसऱ्या दिवशी, पण तास सत्तावीसच. आईने घड्याळ काढून देव्हाऱ्याच्या बाजूला ठेवलं आणि म्हणाली आता चार तासांनी गोळी, मला आठला उठव.

शेजारच्या काकूंना एप्रिलमध्ये टोरांटोला जायचंय, त्या काल कागद बघायला आल्या होत्या. त्यांना मी दिल्लीवरून आणि दोहावरून दोन्ही पर्यायांचे दार-ते-दार तास काढून द्यायला बसलेय. टोरांटोला वाट पश्चिमेकडून, त्यामुळे पॅसिफिकच्या वाऱ्याचा फायदा नाही, आणि दिल्लीहून भारतीय विमान घेतलं तर पाकिस्तानचा वळसा धरावा लागेल. एप्रिलमध्ये फरक साडेनऊ तासांचा असतो, म्हणजे त्यांच्या साखरेच्या गोळ्यांचा कागद आईसारखा सोपा होणार नाही, तो घेऊन आधी डॉक्टरांकडे जा आणि मगच तिकीट काढा असं त्यांना सांगितलंय.